गोळी आधी, ओझं नंतर

हौशी : ऑक्टोबरात कोलोरॅडोत एल्कच्या, त्या थोराड हरणाच्या, शिकारीला जायचंय, परवान्याचा टॅग हातात आलाय, आता सॅक घ्यायचीय. ६५ लिटरची ट्रेकिंगची सॅक आहे माझ्याकडे. रतनगड ते हरिश्चंद्रगड असो की हिमालय, तिनं कधी दगा दिला नाही. तरी या कामाला ती नको, असं माझं मत झालंय. ट्रेकरचं ओझं पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. शिधा संपतो, गॅस संपतो, शेवटच्या दिवशी माणूस उड्या मारत उतरतो. शिकाऱ्याचं गणित उलटं. चार-पाच दिवस तो बारा-पंधरा किलो घेऊन हिंडतो आणि एका सकाळी, एका गोळीनं, त्याच्यापुढे शंभर किलो मांस पडतं. पूर्ण वाढलेला एल्क नर तीनशे किलोच्या घरात असतो. कोथळा, कातडं, हाडं सगळं वगळलं तरी पाऊणशे ते शंभर किलो मांस उरतं. शिंगांसकट कवटी न्यायची म्हटली तर त्यावर आणखी दहा-पंधरा किलो. मागची एक तंगडीच हाडासकट तीस किलोच्या आसपास भरते, आणि ट्रेकिंगची सॅक वीस-बावीस किलोच्या पुढे कुरकुरायला लागते. तेव्हा शिकारीसाठीच बनवलेली, भक्कम फ्रेमची सॅक हवी. सहाशे-सातशे डॉलर जातील. जाऊ देत.

शंकेखोर : पैसे तुझे, त्याबद्दल मी बोलणार नाही. मी बंदूक धरत नाही, पण मित्रांच्या शिकारीचं मांस डोंगरातून उतरवायला गेलोय, तेव्हा ओझ्याबद्दल बोलायचा थोडा हक्क मला आहे. शंभर किलो मांस पडतं म्हणालास. पडलं तर. कोलोरॅडोत एल्कचा टॅग घेऊन जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण दरवर्षी रिकाम्या हातानं परततात. म्हणजे ज्या दिवसासाठी ही सॅक घ्यायची तो दिवस बहुधा उगवणार नाही, आणि तिचं स्वतःचं तीन किलो वजन मात्र रोज तुझ्या पाठीवर. वर्षातून एकदा गावाहून तांदूळ आणायचा म्हणून रोज टेम्पोनं ऑफिसला जाण्यातला हा प्रकार. तीन हजार मीटरच्या वर पहाटे अंधारात चढताना जास्तीचा दीड किलोही कळतो. दमलेला शिकारी कमी चालतो, दुर्बिणीतून कमी बघतो आणि धाप लागलेली असताना नेम धरतो. हलकी सॅक घे. ओझ्याची फ्रेम गाडीत पडू दे. जनावर मारलंस, सोललंस, मांस सावलीत टांगलंस, की झेपेल तेवढं घेऊन खाली ये आणि फ्रेम चढवून परत जा. जुने शिकारी असंच करत आलेत आणि त्यांची पोरंबाळं मांस खाऊन मोठी झालीत.

हौशी : जुने शिकारी रस्त्यापासून दोन हाकांच्या अंतरावर मारत होते, दादा. आता रस्त्याजवळ बंदुकीचा पहिला आवाज झाला की एल्क आत सरकतात. त्यांच्या मागे गेलं की आपण गाडीपासून आठ-दहा किलोमीटरवर असतो, बऱ्याचदा विल्डरनेसच्या, म्हणजे राखीव रानाच्या, हद्दीत. वेमिनूच घ्या, फ्लॅट टॉप्स घ्या. १९६४ च्या विल्डरनेस कायद्यानं तिथं इंजिन तर नाहीच, मांस ओढायची दोन चाकांची हातगाडीसुद्धा चालत नाही. घोडे, खेचरं, लामा किंवा स्वतःची पाठ, एवढेच मार्ग. घोडे भाड्यानं घ्यायचे तर ते मिळायला हवेत, मिळाले तरी त्या दिवशी मोकळे हवेत. म्हणजे उरली पाठ. अशा ठिकाणी पहिली खेप हलक्या सॅकमधून दहा-बारा किलोची काढायची, याचा अर्थ वीस किलोमीटरचा फेरा जवळजवळ फुकट घालवायचा. आणि मांस थांबत नाही. ऑक्टोबरातही दुपारी ऊन चटकतं. एल्कचं कातडं जाड, आतली ऊब धरून ठेवणारं. मागच्या तंगडीचं मांस हाडालगत आतून आधी नासतं, वरून ताजं दिसत असतानाच. मोंटाना-वायोमिंगमध्ये तर ग्रिझली अस्वलं आहेत. दुसऱ्या खेपेला तुम्ही परत याल तेव्हा उरलेल्या मांसावर मालकी कोणाची, हे अस्वलानं ठरवलेलं असतं. पहिली खेप जितकी मोठी तितकं पुढचं सगळं सोपं. त्यासाठी फ्रेम पाठीवरच हवी, गाडीत नको.

आणि तुम्ही म्हणता तसा हा रोजचा टेम्पोही नाही. शिकारीच्या सॅकमध्ये पिशवी आणि फ्रेम एकमेकींपासून सुट्या होतात. रोज फिरताना पिशवी फ्रेमला घट्ट आवळून ठेवायची, पाठीवर चपटं बिऱ्हाड. मांस आलं की बाजूचे पट्टे सोडायचे, पिशवी मागे सरकते, मध्ये फट पडते. त्या फटीत खाली एक कापडी फळी असते, तिच्यावर मांसाची पिशवी बसवायची आणि सगळं पुन्हा आवळायचं. जड वस्तू पाठीच्या कण्याला चिकटून, खांद्याच्या फऱ्यांच्या मध्ये, आणि झोपायची पिशवी, कपडे वगैरे हलकं सामान बाहेरच्या बाजूला. साध्या सॅकमध्ये मांस टाकलं की ते ढिल्या पोत्यासारखं तळाशी जाऊन बसतं, सॅकचं पोट फुगतं आणि ओझं तुम्हाला मागे खेचतं. लोक विचारतात, किती लिटरची घेऊ? लिटरचा प्रश्नच नाही. तीस किलो मांसाला जागा लागते तीस लिटरच्या आसपास. जागा सगळ्यांकडे असते, पाठीचा कणा नसतो.

शंकेखोर : लिटरबद्दलचं तुझं बरोबर आहे, आणि दुकानात नेमकं तेच विचारलं जातं. पण कणा म्हणतोस तो सहाशे-सातशे डॉलरला विकत मिळतो, हे मला पटत नाही. २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये नेपाळी हमालांवर एक अभ्यास आला होता. नामचे बाजाराच्या वाटेवर त्यांची आणि त्यांच्या ओझ्यांची वजनं केली. पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं वाहत होते, बायका ६६ टक्के. साधन काय? बांबूचा डोको आणि कपाळावरून घेतलेला नाम्लो. कार्बन फायबर नाही, टायटॅनियमची दांडी नाही. आपल्याकडच्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून हंड्यावर हंडे चढवतात, कातकरी मोळी घेऊन घाट उतरतो. यातल्या कुणाला लोड लिफ्टर, म्हणजे ओझं पाठीला ओढणारे वरचे पट्टे, माहीत नाहीत. आणखी मागे जायचं तर आल्प्समध्ये १९९१ साली ३,२१० मीटरवर बर्फात सापडलेला तो ओत्झी बघ. ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस. पोटात आयबेक्सचं आणि लाल हरणाचं मांस, म्हणजे डोंगरातली मोठी शिकार खाल्लेला. त्याच्याजवळ हेझलची वाकवलेली दांडी आणि लार्चच्या दोन फळ्या मिळाल्या. संशोधक त्यांना पाठीवरची चौकट मानतात. तुझ्या सॅकमध्ये तिच्यापेक्षा तत्त्वानं नवीन काय आहे?

हौशी : कमरपट्टा. तत्त्वानं नवीन तेवढंच, पण ते फार मोठं. वॉशिंग्टन राज्यातल्या लॉइड नेल्सननं १९२० च्या दशकात ‘ट्रॅपर नेल्सन’ फळी काढली. अलास्काच्या मूळ रहिवाशांच्या, सीलचं कातडं ताणलेल्या चौकटीवरून त्याला ती सुचली. पुढची कित्येक वर्षं तिच्यावरून अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी ओझी वाहिली आणि खांदे सोलून घेतले, कारण सगळा भार खांद्यांवर. मग कॅलिफोर्नियात डिक केल्टी आला. चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली तर खांदे हलके होतात, हे सिएराच्या एका सहलीत लक्षात आलं, असं सांगतात. १९५२ पासून तो घरीच ॲल्युमिनियमच्या नळीच्या चौकटी बनवायला लागला, कमरेला पट्टा लावून. कापडाचं शिवणकाम बायको करायची. १९६७ मध्ये ग्रेग लोनं चौकट पिशवीच्या आत घेतली. तिथून पुढचं सगळं सुधारणांचं काम. कमरेच्या हाडावर भार घ्यायचा, चौकट उभी ताठ हवी, आणि ती खांद्यांच्या थोडी वरपर्यंत हवी, म्हणजे वरचे दोन पट्टे पंचेचाळीसेक अंशांत खेचून ओझं पाठीला आणता येतं. चौकट आखूड असली की हे पट्टे आडवे होतात आणि नुसते शोभेला राहतात.

हमालांचं मला मान्य आहे, पण तो अभ्यास पुरता सांगा. ती माणसं लहानपणापासून ओझं वाहतात, सावकाश चालतात आणि घडीघडीला थांबतात. हातातली टेकूची काठी डोकोखाली लावून उभ्या उभ्या विसावा घेतात. आणि चालतात वाटेवरून. मी भुंगेऱ्यांनी वाळवलेल्या जंगलातून जाणार. तिथं पडलेले ओंडके एकावर एक, वर ओलं बर्फ. कपाळावर पट्टा म्हणजे मान जखडलेली. पुढचा ओंडका बघायला डोकं वर उचलता येत नाही आणि पाय घसरला तर मानेला झटका. नाम्लोचा मी अपमान करत नाही. माझी मान चाळीस वर्षं संगणकासमोर बसलेली आहे, एवढंच.

शंकेखोर : हे प्रामाणिक बोललास. मग त्याच संगणकासमोरच्या शरीराबद्दल बोलू. एका मित्राच्या एल्कची मागची तंगडी मी रात्री उतरवत होतो. फ्रेम चांगली, नामांकित, माझ्या मापाला बसवलेली. तरी जॅकेटच्या गुळगुळीत कापडावरून कमरपट्टा पावलागणिक केसभर खाली यायचा. शंभरेक पावलांनी तो कुल्ल्यांवर आलेला असायचा आणि भार खांद्यांवर. मग थांबायचं, पुढे वाकायचं, गुडघ्यांवर हात टेकायचे, एक हिसका देऊन ओझं पाठीवर वर उडवायचं आणि ते वर आहे तोवर पट्टा आवळायचा. पुन्हा शंभर पावलं. बसलं तर उठता येत नाही. कूस वळून चार पायांवर यावं लागतं, मग काठ्यांचा आधार घेत एकेक गुडघा सरळ करायचा. चढावर काही नाही रे, चढावर फुफ्फुसं बोलतात आणि माणूस थांबतो. उतारावर गुडघे बोलतात आणि माणूस म्हणतो, आता काय, खालीच तर जायचंय.

माझा खरा आक्षेप इथं आहे. वाईट सॅक वीस किलोला दुखते आणि तू दोन किलो काढून ठेवतोस. चांगली सॅक चाळीस किलोपर्यंत दुखत नाही. तुझ्या गुडघ्याच्या कूर्चेला मात्र ते चाळीस किलो चाळीसच असतात. जाहिरातीत नेहमी तोच माणूस दिसतो: पाठीवर तंगडी, तिच्यावर शिंगं, मागे मावळता सूर्य. ‘एका खेपेत’ हा या धंद्यातला सगळ्यात महागडा शब्द. सॅक विकणारा तुला कापड विकत नाही, अंतर विकतो. ही सॅक आहे ना, मग आणखी एक डोंगर ओलांडायला काय हरकत?

एक गंमत सांगतो, विषयाला थोडी सोडून. बंदुका आणि काडतुसांवर इथं १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा कर आहे, पुढे त्यात धनुष्यबाणही आले, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. एल्क आज आहेत त्यात त्या पैशाचा वाटा आहे. सॅकवर तो कर नाही. नव्वदच्या दशकात सॅक, तंबू वगैरेंवर तसा कर लावायचा प्रस्ताव आला होता; सामान बनवणाऱ्यांचा विरोध झाला आणि तो बारगळला. तुझे सातशे डॉलर तुझ्या पाठीसाठी असतील, एल्कसाठी नाहीत.

हौशी : कराचं मला ठाऊक होतं, आणि कुणी लावला तर मी भरेन. पण ‘आणखी एक डोंगर’ हा आळ सॅकवर का? माणूस हावरा असेल तर तो वाईट सॅक घेऊनही जाईल आणि मग मांस सोडून येईल. माझ्या मते चांगल्या सॅकचं खरं समर्थन इथंच आहे. अलास्काचा नियम बघा. मान, छाती, बरगड्यांमधलं मांस, पाठीचं मांस, पुढचे फरे गुडघ्यापर्यंत, मागच्या तंगड्या खालच्या सांध्यापर्यंत, सगळं बाहेर आणायचं. आणि मांस बाहेर येईपर्यंत शिंगं जागची हलवायची नाहीत. ती शेवटच्या खेपेला. काही भागांत मूस आणि कॅरिबूचं मांस हाडावरच ठेवून आणायला लागतं, म्हणजे वजन वाचवायची तीही सोय नाही. कोलोरॅडोतही खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. आता विचार करा, पाचव्या खेपेला बरगड्यांचं चार-पाच किलो मांस उरलंय, रात्र झालीय, खांदे सोललेत. ते मांस आणलं जाणार की नाही, हे त्या क्षणी माणसाच्या नीतीपेक्षा त्याच्या खांद्यांवर जास्त अवलंबून असतं. चांगली फ्रेम माणसाला त्या वेळी निदान मोहापासून दूर ठेवते.

आणखी एक. आपल्याकडे शिकार १९७२ च्या कायद्याखाली बंद झाली, ते योग्यच झालं. पण त्याआधीच्या शिकारकथांमध्ये साहेब आयबेक्स मारायला लडाखात जातो, संस्थानिक सांबर मारतो, आणि ते जनावर खाली कसं आलं हे कुणी लिहीत नाही. ते कुणीतरी आणलेलं असतं. त्याला नाव नसतं. इथं मला ही गोष्ट आवडली की मारणारा आणि वाहणारा एकच. कारकून असो, सुतार असो, माझ्यासारखा कोड लिहिणारा असो, मारलंस तर तू वाहा. माझ्या लेखी सॅक हे या शिकारीतलं सगळ्यात लोकशाही अवजार आहे. बंदूक कुणीही चालवतो.

शंकेखोर : हे तुझं सगळ्यात चांगलं म्हणणं, आणि मला त्यावर पटकन उत्तर नाही. तरी दोन गोष्टी सांगतो. गिलगिट-बाल्टिस्तानात मारखोर या रानबोकडाचे थोडे परवाने लिलावानं जातात, त्या पैशातले ऐंशी टक्के गावाला मिळतात, आणि जनावर, सामान, कधी कधी पाहुणासुद्धा गावकरीच वाहतात. तिथं वाहणाऱ्याला नाव नसेल कदाचित, पण गावाच्या शाळेत, दवाखान्यात त्याचा हिस्सा असतो. मारणाऱ्यानंच वाहावं हा एक न्याय झाला, एकमेव नव्हे. दुसरं असं की, ‘मारलंस तर तू वाहा’ म्हणतोस, पण मला का बोलावतात रे? दरवर्षी ऑक्टोबरात कुणाचा तरी फोन येतो: दादा, मोठा नर पडलाय, मोकळे आहात का? तुझी लोकशाही मित्रांच्या गुडघ्यांवर चालते.

आणि कायद्याचं म्हणशील तर तो काय आणायचं ते सांगतो. कुठं मारायचं ते नाही सांगत. बरगड्यांच्या मांसाचा मोह पाचव्या खेपेला होतो असं तू म्हणालास. पाच खेपा लागतील अशा जागी, एकट्यानं, संध्याकाळी मारलंसच का? हा प्रश्न चाप ओढायच्या आधीचा आहे. तिथं कुठलीही फ्रेम उपयोगाची नाही. किंवा उलट, तिथं ती अडचणीची आहे, कारण तीच कानात सांगते की जमेल.

हौशी : चाप ओढायच्या आधी मी काय विचार करावा, असं तुमचं म्हणणं? नर समोर, वारा बरोबर, दोनशे मीटर, आणि मी मनात किलोमीटरला किलोनं गुणत बसू?

शंकेखोर : हो. नेमकं तेच. पण ते तिथं नाही, घरी. नकाशावर. हाडं काढलेलं ऐंशी-नव्वद किलो मांस, तुझी झेप खेपेला तीसची, म्हणजे तीन खेपा. डोकं नेणार असशील तर चौथी, आणि तळ उचलायचा तो वेगळा. सहा किलोमीटर आत असशील तर तीन खेपांत पाच वेळा ते सहा किलोमीटर तुडवायचे, चौथी धरली तर सात वेळा. तीन किंवा चार फेऱ्या भरल्या पाठीनं आणि बाकीच्या रिकाम्या पाठीनं पण रिकाम्या पोटानं. दोघं असाल तर निम्मं. हा हिशेब करून नकाशावर एक रेघ ओढ आणि तिच्यापलीकडे दिसलेल्या जनावराचा फोटो काढ. आता सांग, या रेघेच्या आत तुला कुठली सॅक लागते? मला वाटतं बऱ्यापैकी साधी चालेल.

हौशी : नाही, तिथं तुम्ही चुकता. रेघ मला मान्य, पण ती ओढायला तुम्ही तीसचा आकडा घेतलात. तो आला कुठून? ट्रेकिंगच्या सॅकनं माझी झेप वीस आहे. तीस ही फ्रेमनं दिलेली झेप आहे. सॅक बदलली की रेघ बदलते. तुम्ही सॅकला बाजूला ठेवून हिशेब मांडायला निघालात आणि तिलाच हिशेबात धरलंत.

शंकेखोर : …बरं. हे खरं आहे. मग झेप ठरवायची कशी? दुकानात?

हौशी : दुकानात मुळीच नाही. तिथं वाळूची दहा किलोची उशी सॅकमध्ये टाकून गालिच्यावर चार फेऱ्या मारायला लावतात. तेवढ्यावर कुठलीही सॅक छान वाटते. माझा बेत असा आहे. आधी पाठीचं माप. मान खाली वाकवली की जो मणका वर येतो तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या काठाच्या रेषेपर्यंत. उंचीवरून सॅक घेणारे इथंच फसतात. आपल्यातले बरेच जण पायांनी उंच आणि पाठीनं आखूड, किंवा उलट. मग सॅक घरी आणायची, देशी दुकानातली बासमतीची वीस-वीस पौंडांची पोती चादरीत गुंडाळून फळीवर आवळायची, आणि उतार असलेल्या टेकडीवर दोन तास. तांदूळ मांसासारखाच सरकतो, म्हणून तांदूळ. लोखंडी वजनं जागा सोडत नाहीत. पट्टा किती वेळा वर घ्यावा लागतो, हाताची बोटं बधिर होतात का, उतारावर ओझं डोक्यावरून पुढे ढकलतं का, बंदूक खांद्यावरून काढताना वरच्या पट्ट्यात अडकते का, हे बघायचं. पसंत नाही पडली तर परत. कापडाचा आवाज, खिसे, चेनी या गोष्टी बाणानं शिकार करणाऱ्यांना महत्त्वाच्या असतील, मला नाहीत. रंगाचं मात्र बघणार. कोलोरॅडोत रायफलवाल्याला कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड अंगावर लागतं, डोक्यावर टोपीही. मोठी सॅक घातली की पाठीमागून ते कापड दिसतच नाही. त्यामुळे सॅकवर नारिंगी आवरण, आणि शिंगं बांधलीच तर त्यांनाही नारिंगी फडकं. झाडीतून फक्त शिंगं हलताना दुसऱ्या शिकाऱ्याला दिसावीत, ही माझी इच्छा नाही.

शंकेखोर : फडक्याचं लक्षात ठेवलंस हे बरं केलंस, वाहणारा बहुधा मीच असणार. तांदळाचंही आवडलं. पण त्या दोन तासांतून तुला काय कळेल? ताज्या पायांनी, दिवसाढवळ्या, हजार-दीड हजार मीटरवर, पोटभर जेवून तू तीस किलो वाहू शकतोस. खरी खेप येते तेव्हा चार रात्री झोप नीट झालेली नसते, जनावर सोलून हात गारठलेले असतात आणि तीन हजार मीटरवरची हवा असते. तिथं तीसचे वीस होतात. म्हणजे फ्रेमनं तीस दिले, डोंगरानं दहा काढून घेतले, आणि आपण पुन्हा ट्रेकिंगच्या सॅकपाशी.

हौशी : ट्रेकिंगच्या सॅकचे वीसही मग तेरा-चौदा होतील, दादा. डोंगर दोघांकडूनही काढून घेतो.

शंकेखोर : खरंय. तरी एक फरक राहतो. तेरा किलोचा माणूस जवळ मारतो, कारण त्याला पर्याय नसतो. वीस किलोचा माणूस तीसची रेघ मनात ठेवून लांब जातो. मला भीती त्या मधल्या पट्ट्याची वाटते. सॅकनं जिथपर्यंत नेलं आणि शरीर जिथून आणू शकत नाही, तो पट्टा.

हौशी : आणि मला भीती त्याच्या अलीकडच्या पट्ट्याची वाटते. शरीर आणू शकलं असतं, पण सॅकनं साथ सोडली म्हणून मांस नासलं, तो पट्टा. दोन्ही आहेत. तुम्ही ज्यांचं मांस वाहिलंत ते तुमच्या पट्ट्यातले होते. जे तुम्हाला फोन न करता बरगड्या सोडून आले, ते माझ्या. त्यांची गोष्ट तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

शंकेखोर : हे कबूल करायला हवं. सोडून आलेला कुणी मला सांगायला येत नाही.

हौशी : तेव्हा माझं ठरलंय असं. फ्रेम भक्कम घेणार, त्यात तडजोड नाही. पिशवी मात्र लहान, म्हणजे रोजचं वजन अर्धा-पाऊण किलोनं उतरेल आणि नको ते सामान कोंबायला जागा राहणार नाही. तळ जवळ ठेवीन. दोन ट्रेकिंगच्या काठ्या, मांसासाठी हवा खेळेल अशा कापडी पिशव्या, हाडं काढायला दोन सुऱ्या. नकाशावर रेघही ओढीन. पण ती तांदळाच्या दोन तासांवरून ओढीन की तुमच्या भीतीवरून, ते अजून ठरत नाही. पहिली धरली तर पाच-सहा किलोमीटर येतात, दुसरी धरली तर तीन. आणि तीन किलोमीटरच्या आत, रस्त्याच्या अंगाला, ऑक्टोबरात एल्क असतात कुठं?

शंकेखोर : नसतात. मला ठाऊक आहे. तीनवर ओढलीस तर बहुधा रिकाम्या हातानं येशील, आणि सहावर ओढलीस तर मला फोन करशील. तारखा सांगून ठेव, मी सुट्टी टाकतो. फक्त एक गोष्ट आधीच ऐक. मी खेपेला वीस किलो उचलेन, एकविसावा नाही, आणि दिवसाला एकच खेप. नकाशावर रेघ ओढशील तेव्हा मला तेवढाच धर.